बापूंच्या जीपला एक तारा

दारव्हा ते आमचा तांडा या मार्गावर काळीपिवळी जीप चालवणारे माझे वडील बन्सीभाऊ यांच्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, दारव्ह्याच्या जीप स्टँडवर, सवाऱ्यांनी भरलेल्या गाडीसमोर घोर अन्याय झाला. गाडीत डिझेल होतं. सवाऱ्यांच्या मांडीवर बैलांची बाशिंगं आणि घुंगरमाळा होत्या, टपावर झुलींचं गाठोडं बांधलेलं होतं. आणि एका मोबाइलने सांगितलं की हा माणूस सवारी नेण्याच्या लायकीचा नाही.

या प्रकाराचा मी जाहीर निषेध करते. (निषेधाचा मला अनुभव आहे. तांड्याच्या फाट्यावर एसटी थांबावी म्हणून मी अकरावीपासून पत्रकं लिहिते. एसटी अजून थांबत नाही, पण माझं अक्षर बरंच सुधारलं.)

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

पेरण्या आटोपल्या आणि पुण्याची एक कंपनी दारव्ह्याला आली. शहरात लोक मोबाइलवर गाडी बोलावतात, तसं खेड्यातल्या जीपमध्ये मोबाइलवर सीट धरता यावी, असं ॲप त्यांनी काढलं होतं. नाव ‘बसा’. जीपवाल्यांच्या संघटनेला त्यांनी कसं पटवलं ते देव जाणे, पण ठराव झाला: यापुढे स्टँडवरचा नंबर ‘बसा’ लावणार. नंबर म्हणजे कोणती गाडी आधी भरायची त्याचा क्रम. आणि त्यात पहिला नंबर हा बापूंचा. आज नाही, मी शाळेत जायच्या आधीपासून. दुसऱ्यांचे बाप सरपंच असतील, मास्तर असतील. माझा बाप पहिला नंबर आहे. नव्या नियमाप्रमाणे ज्या ड्रायव्हरवर लोक खूश त्याचं नाव हिरवं, ज्याच्यावर नाराज त्याचं लाल. लाल झाला की रांगेच्या बाहेर.

“मायं नाव हिरवंच राहीन,” बापू म्हणाले. “कोन नाराज हाये माह्यावर?”

कोणीच नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, असं मी म्हणणार नाही. मलाच ते विसरायचं आहे.

चाचणीसाठी कंपनीने आमचाच मार्ग निवडला आणि सौरभ नावाच्या मुलाला तांड्यावर पाठवलं. चष्मा, पाठीवर बॅग, बॅगेला लटकलेली पाण्याची बाटली. आमच्या ओट्यावर बसून तो समजावू लागला.

“सध्या बीटा व्हर्जन आहे. म्हणजे तुम्ही वापरायचं आणि काय चुकतंय ते आम्हाला सांगायचं. मग आम्ही ते दुरुस्त करणार.”

“म्हंजे कच्चंच हाये,” याडी म्हणाली. (याडी म्हणजे आई. घरात आम्ही बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो; तुमची पंचाईत नको म्हणून सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे.)

“कच्चं नाही मावशी, टेस्टिंगमध्ये आहे.”

“भाकर तव्यावरच हाये अन् पाहुन्याले विचारून राह्यले, करपली का म्हून. असू दे बावा, चहा घे.”

सौरभने चहा घेतला आणि विचारलं, “इथलं एक कोणीतरी जबाबदार माणूस लागेल. चुका शोधून न घाबरता सांगणारं.”

ओट्यावरच्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

“हिले घ्या,” बापू म्हणाले. “ही तं कोनी न विचारता सांगते.”

अशी मी ‘बसा’ची मुख्य परीक्षक झाले. पगार नाही, पण एक टीशर्ट मिळाला. त्यावर छातीवर लिहिलं होतं ‘मला विचारा’. तो घालून मी तांड्यात फिरले, पण कोणी काही विचारलं नाही.

पहिली चाचणी दुसऱ्याच दिवशी झाली. सौरभने मोबाइलवर तीन नंबरची सीट धरली आणि ऐटीत गाडीपाशी आला. सीटवर रुमाल होता. आता ज्यांनी काळीपिवळीचा प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे सीट धरायची म्हणजे खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल टाकून माणूस चहा पितो, बियाणं घेतो, दाढी करून येतो. जागेला कोणी हात लावत नाही. हा रुमाल आमच्या नायककाकांचा होता. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. ते दाढी करूनच येत होते.

“काका, ही सीट माझी आहे. हे बघा, तीन नंबर.”

“रुमाल कोनाचा हाये?”

“तुमचा.”

“मंग सीट कोनाची?”

सौरभने मोबाइल पुढे केला. काकांनी तो घेतला, रुमालाच्या बाजूला ठेवला, आणि दोन्हींकडे नीट पाहून निकाल दिला, “रुमाल आधी आलता.”

सौरभ मागच्या आडव्या बाकावर, दोन बायका आणि कोंबड्यांची एक पाटी यांच्या मध्ये बसला. (कोंबड्यांची सीट धरलेली नव्हती. त्यांनाही जागा मिळाली.)

चुका म्हणाल तर पहिल्याच दिवशी ढीग निघाला. मोबाइलमध्ये जीपला सीटा नऊ. नऊ झाल्या की तो सांगतो, गाडी भरली. आमच्याकडे नऊ म्हणजे गाडी रिकामी. नऊ सवाऱ्या घेऊन स्टँडवरून निघायची बापूंना लाज वाटते. मोबाइल म्हणतो, गाडी दहा वाजता सुटेल. गाडी सुटते ती भरल्यावर. घड्याळ बघून सुटणारी गाडी आम्ही पाहिलेली नाही, एसटी तर थांबतच नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे नकाशा. नकाशात आमचा तांडा बाजूच्या गावाजवळच्या तलावाच्या मधोमध होता. त्यामुळे गाडी तांड्यात येऊन उभी राहिली, लोक उतरून घरी गेले, त्यांची जेवणं झाली, तरी मोबाइल म्हणायचा की तुमचा प्रवास सुरू आहे. तलावाच्या काठापर्यंत चालत गेलं, की कुठे त्याला वाटायचं पोहोचलो. नाहीतर रात्री बारापर्यंत माणूस वाटेतच.

मी कामाला लागले. मोबाइलमध्ये एक कोपरा होता, ‘तुमचं मत कळवा’. मी मत कळवलं. मत कसं कळवायचं ते मला शिकवलेलं आहे: प्रति, विषय, संदर्भ, महोदय, वरील विषयास अनुसरून. पण त्या चौकटीत मोजकीच अक्षरं मावायची. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस विनंतीपूर्वक’ इथपर्यंत आलं की चौकट भरायची. मी ‘पुढे चालू’ लिहून दुसरं पाठवायची. मग तिसरं. प्रत्येक वेळी पलीकडून उत्तर यायचं, “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.” बाजूला हसरा चेहरा.

मोलाचा आहे तर वाचा ना बावा. हसता कायले?

पंधरवडा गेला. तांडा तलावातून बाहेर आला नाही. शेवटी मी सौरभला फोन लावला.

“ताई, तुमचे खूप मेसेज आलेत,” तो म्हणाला. “पण खरं सांगू का, पहिल्या पाच-सहांमध्ये मायनाच आहे. तक्रार सुरू होते तोवर आमच्या टीमचा पेशन्स संपतो.”

“पेशन्स संपतो? मी इथं लोकांना तलावावर नेऊन उतरवून राह्यली, माया नाई संपला?”

“तसं नाही ताई. पण हा एकाच युजरचा अनुभव झाला. बाकीच्यांकडूनही तेच आलं की त्याला प्रायॉरिटी मिळते.”

“म्हणजे संख्या पाहिजे.”

“म्हणजे… अगदी संख्या असं नाही, वेगवेगळ्या लोकांचे अनुभव…”

“समजलं.”

“ताई, नक्की काय समजलं?”

मी फोन ठेवून दिला होता. चळवळीत वाढलेल्या मुलीला संख्या पाहिजे म्हणणं, म्हणजे बैलाला झूल दाखवून आज पोळा नाही असं सांगणं.

त्या दुपारी मी मजकूर तयार केला. या वेळी आटोपशीर. मायना नाही, संदर्भ नाही. तो जसाच्या तसा देते, कारण माझ्या आजवरच्या लिखाणात परिणाम झालेला तेवढाच एक मजकूर आहे:

‘वेळ पाळली जात नाही. जागा चुकीची दिली जाते. विचारणा केल्यास समाधानकारक उत्तर मिळत नाही. संबंधितांवर तात्काळ कारवाई करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’

तांड्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: हाच मजकूर सगळ्यांनी चिकटवायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. एकजूट दिसली पाहिजे.

अडचण आली ती कुठे चिकटवायचा याची. ‘तुमचं मत कळवा’ला आधी ईमेल लागायचा. तांड्यात ईमेल असलेली मी आणि पोस्टाची परीक्षा देणारा एक मुलगा, एवढेच. पण प्रवास संपला की मोबाइलवर आपोआप दुसरी चौकट उघडायची: ‘प्रवास कसा झाला?’ वर पाच तारे, खाली लिहायला जागा, आणि ईमेल नको. मला वाटलं, हे तर उत्तम. इकडून दिलं काय, तिकडून दिलं काय, जाणार पुण्यालाच.

(इथे थोडं थांबा. मी थांबले नव्हते.)

आता चौकट उघडायला प्रवास करायला हवा. तांड्याला येणारी गाडी एकच, बापूंची. मग मी आठवडाभर लोकांना घराघरांतून उठवून बापूंच्या गाडीत बसवलं. ज्यांचं दारव्ह्यात काम नव्हतं त्यांना काम काढून दिलं. बापूंची गाडी जाताना भरलेली, येताना भरलेली. बापू संध्याकाळी याडीला म्हणाले, “पोट्टी कामाची निघाली वं. मले वाटे, नुसतीच बोलते.”

आणि परत आल्यावर सगळा जथा चालत तलावाकडे. पुढे मी, टीशर्ट घालून. मागे बायका, म्हातारे, हातात मोबाइल. बाजूच्या गावचे लोक बांधावर उभे राहून पाहायचे.

“काहून बे, कोनी बुडालं काय?”

“नाई, प्रवास संपवाले चालले.”

काठावर पोहोचलं की सगळ्यांचे मोबाइल एकदम टुंग करून वाजायचे आणि मी सूचना द्यायची. आधी एक तारा. मग मजकूर चिकटवा. मग पाठवा.

आमच्या शेजारच्या तुळशीकाकूंना ते पटेना. “एकच काहून? इथं तं पाच दिसून राह्यले.”

“काकू, निषेध आहे. निषेधाला एकच.”

“माह्याकून दोन टाक. बिचाऱ्याचे लेकरंबाळं असतीन.”

“कोणाचे?”

“मले काय माहीत कोनाचे. कोनाले देऊन राह्यलो ते तू सांगतलंच नाई.”

मी एक तारा दाबला आणि पुढच्या माणसाकडे वळले. तुळशीकाकू चौथी शिकल्या आहेत आणि मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे, म्हणून काकूंच्या प्रश्नाकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

शेवटचा मोबाइल याडीचा, तो मीच तलावाच्या काठावर फिरवून आणला होता. ती चुलीपुढे होती, हात पिठाचे.

“दाबू का?” मी विचारलं.

“कायचं हाये?”

“अन्यायाविरुद्ध आहे.”

“दाब मंग. अन् ते तूर निवडून ठेव.”

आता पोळ्याचा आदला दिवस. दारव्ह्यात पाय ठेवायला जागा नाही. गोंडे, बाशिंगं, शिंगांचा रंग, नवे कासरे. आख्खा तालुका बैलांच्या खरेदीला आलेला. जीपवाल्यांचा वर्षातला हाच दिवस. बापूंनी सकाळी गाडी धुतली, समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि पहिल्या नंबरावर लावली. दुपारी खरेदी आटोपून तांड्यातले सगळे बसले. मी मागे, दारापाशी. बापूंनी चावी लावली, आणि गुलाबभाऊ समोर आले. गुलाबभाऊ म्हणजे स्टँडवर नंबर लावणारे. पूर्वी त्यांच्या हातात शिट्टी असायची, आता मोबाइल.

“बन्सी, चावी काढ.”

“काहून?”

“तुयं नाव लाल झालं.”

बापू हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. गुलाबभाऊंनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. लाल रंग उन्हातसुद्धा दिसत होता.

“तक्रारी हायेत बापा, बम तक्रारी. मी आजलोक एवढ्या पाह्यल्या नाई.”

“कोनाच्या?”

“वाचू का?”

“वाच.”

आणि गुलाबभाऊंनी वाचायला सुरुवात केली. भरल्या स्टँडवर, त्यांच्या त्या शिट्टीची सवय असलेल्या आवाजात. “वेळ पाळली जात नाही. जागा चुकीची दिली जाते.” नायककाका, एक तारा. “वेळ पाळली जात नाही. जागा चुकीची दिली जाते.” तुळशीबाई, एक तारा. “वेळ पाळली जात नाही.” बापूंचा सख्खा भाऊ, एक तारा. बाकीचे जीपवाले गोळा झाले. प्रत्येक नावाला बापू मागे वळून त्या माणसाकडे बघत, आणि तो माणूस मांडीवरच्या बाशिंगाकडे बघे.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो साधारण चौथ्या नावाला. प्रवास संपल्यावर ‘प्रवास कसा झाला’ विचारतात, तेव्हा ते प्रवासाबद्दल विचारतात. पुण्याला नव्हे, ती चौकट गाडीवाल्याच्या खात्यात जात होती. आख्खा आठवडा. माझ्याच देखरेखीखाली. मी सीटवरून हळूच खाली सरकले.

“संबंधितांवर तात्काळ कारवाई करावी,” गुलाबभाऊ वाचत होते. “अन्यथा तीव्र आंदोलन. भाषा मोठी कडक हाये बावा. अन् हे शेवटचं…” ते थांबले. “बन्सी, हे राहू दे.”

“वाच.”

“वयनीचं हाये.”

बापूंनी याडीकडे पाहिलं. ती पुढच्या सीटवर, त्यांच्याच बाजूला बसलेली, मांडीवर झूल.

“तूनंही?”

“मले काय माहीत. संगीनं दाबलं. म्हने, अन्यायाविरुद्ध हाये.”

सगळ्या गाडीने मागे वळून दाराकडे पाहिलं. संगी म्हणजे मी.

बापू खाली उतरले, गाडी ढकलत रांगेबाहेर नेऊ लागले. सवाऱ्या उतरल्याच नव्हत्या. धुतलेली, तोरण बांधलेली गाडी, आत आख्खा तांडा, आणि माझा बाप खांद्याने ती बाजूला ढकलतोय. त्यांच्या जागी दुसरी गाडी येऊन लागली. पहिल्या नंबरावर. बापूंनी तिकडे पाठ केली. 

मी सौरभला फोन लावला.

“सौरभदादा, ताबडतोब ते लाल काढा.”

“ताई! मीच करणार होतो तुम्हाला फोन. बघितलंत ना? तुम्ही म्हणायचात, आम्ही दखल घेत नाही. आज सिस्टिमने आपोआप कारवाई केली. टीम फार खूश आहे.”

“तो माझा बाप आहे!”

पलीकडून मग हळू आवाजात, “पण ताई, त्यात तुमच्या आईंचीही तक्रार आहे.”

“ती सगळी मी लिहिली. तुमच्या ॲपबद्दल लिहिली.”

“पण त्यात ॲपचं नाव कुठेच नाही. वेळ पाळत नाही, जागा चुकीची, उत्तर नाही… आम्हाला वाटलं, ड्रायव्हर फारच वाईट आहे.”

“मग आता काय करायचं?”

“लोकांना जुना अभिप्राय बदलता येतो. पण स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल. एकसारखा मजकूर आला की सिस्टिम तो आता घेत नाही. ते… या आठवड्यातले मेसेज पाहूनच बसवलं.”

मी गाडीपाशी गेले आणि सांगितलं, सगळ्यांनी मोबाइल काढा, मी सांगते तसं लिहा.

“तू नको सांगू,” नायककाका म्हणाले. “तुया सांगन्यानं तं इथलोक आलो.”

आणि तांड्याने, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या मदतीशिवाय लिहायला घेतलं. भर उन्हात, उभ्या गाडीत. ज्यांना टाइप करता येत नव्हतं ते शेजारच्याला मोठ्याने सांगत होते, त्यामुळे सगळं स्टँड ऐकत होतं.

नायककाका: “रुमाल टाकला तं हा मानूस त्या जागेवर कोनाले बसू देत नाई. मंत्र्यालेही देनार नाई.”

तुळशीकाकू: “गाडीत खर्रा खाऊन थुकू देत नाई. बाकी चांगला हाये. पाच तारे, मी तवाच म्हनलं होतं.”

काका, म्हणजे बापूंचे भाऊ: “माया भाऊ हाये. मी याच्याशी वावराच्या धुऱ्यावरून, हद्दीवरून बोलत नाई. पन गाडी चांगली चालवते.”

माझ्या धाकट्या आत्याने लिहिलं की तिच्या बाळंतपणाच्या वेळी पुरात रस्ता तुटला तेव्हा बापूंनी जीप शेतातून काढून तिला दारव्ह्याला नेलं होतं. हे मला माहीत नव्हतं. मी इतकी पत्रकं लिहिली, पण त्या घरात कधी विचारायला गेले नव्हते. गुलाबभाऊंनी ते वाचलं आणि मोबाइल थोडा वेळ खिशात ठेवून दिला.

शेवटी याडी. तिने मोबाइल तोंडाशी धरला आणि बापूंना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं, “हा मानूस वेळेवर येते. घरी नाई येत, स्टँडवर येते. घरी येताना गूळ सांगतला तं मीठ आनते. पन तो सवारी सोडून कधी आला नाई. आता पुण्याच्या पोट्ट्यायनो, लाल काढा, आमचे बैल वाट पाहून राह्यले.”

थोड्या वेळाने गुलाबभाऊंनी मोबाइलकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. शिट्टी अजून त्यांच्या खिशातच होती. “बन्सी, हिरवा. लाव पुढं.”

आणि समोरची दुसरी गाडी कोणी न सांगता मागे सरकली. त्या जीपवाल्याने बापूंना हाताने खूण केली, या भाऊ. बापूंनी गाडी पुन्हा पहिल्या नंबरावर आणली, आरशात भांग पाडला, चावी लावली. मी धावत जाऊन मागच्या दांडीला हात घातला.

“जागा नाई,” बापू म्हणाले.

माझ्या उभ्या आयुष्यात मी बापूंच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. त्या गाडीत कधी जागा नाही असं झालेलंच नाही. लग्नाचं वऱ्हाड बसलंय, कापसाने भरलेले बोंद बसलेत, बोकड बसलेत.

“बापू, एकटीच तर आहे मी.”

“मोबाइल नऊच दाखवते,” बापू म्हणाले, आणि गाडी निघून गेली. आतून तुळशीकाकूंनी हात हलवला.

मी चारच्या सुमारास भरलेल्या दुसऱ्या गाडीने फाट्यापर्यंत आले आणि तिथून चालत. एसटी पुढून गेली. थांबली नाही.

बापू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, याडीने माझ्या ताटात पुरणपोळी वाढली तेव्हा ते म्हणाले, “अजून एक वाढ तिले, लय चालली परवा.” म्हणजे मिटलं.

‘बसा’चं नवं व्हर्जन पुढल्या महिन्यात आलं. मी उत्साहाने उघडलं. जीपला सीटा नऊच. गाडी दहा वाजताच सुटते. तांडा तलावातच आहे, आता फक्त तलावाला निळा रंग जास्त गडद दिला आहे. म्हटलं, ठीक आहे, पुन्हा लिहू, या वेळी ॲपचं नाव घालून. तर माझ्या मोबाइलात ‘तुमचं मत कळवा’ नाही. ‘प्रवास कसा झाला’ नाही. तारे नाहीत. मी सौरभला फोन केला.

“ताई, तो बदल एका सूचनेवरून केलाय,” तो म्हणाला. “खरं सांगतो, आख्ख्या चाचणीत इतकी स्पष्ट सूचना दुसरी आली नाही. काय अडचण आहे, कुठे आहे, काय हवंय. तीन वाक्यांत. आम्ही लगेच अमलात आणली. वाचून दाखवू?”

“दाखवा.”

“‘माझी मुलगी तक्रारीचं बटन दाबते. तिच्या मोबाइलातलं बटन काढा. बाकी मोबाइल राहू द्या, तिले अभ्यासाले लागते.’ ड्रायव्हरच्या खात्यातून पाच तारे दिलेत तुमच्या वडिलांनी आम्हाला.”

म्हणजे आमच्या तांड्याने पुण्याला पाठवलेल्या सगळ्या सूचनांपैकी मान्य झाली ती एवढीच. माझा आवाज दडपला गेला आहे, तो माझ्याच घरातून, योग्य मार्गाने, मोजक्या शब्दांत. आणि ही गोष्ट गप्प बसून सोसण्यासारखी नाही. तेव्हा तुम्ही नुसते हसत बसू नका. तुमच्या मोबाइलात ते बटन अजून असेल ना? द्या तो इकडे. मजकूर माझ्याकडे तयार आहे.